दोन धातू, एक जोड: गाडीचं काम घरी करणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ट्रेलरच्या पोलादी चौकटीवर मी एकदा ॲल्युमिनियमचा पत्रा बसवला. दोन धातू एकमेकांना लागू नयेत म्हणून मध्ये जाड फेल्टची पट्टी घातली आणि स्टेनलेसच्या बोल्टांनी पत्रा आवळून टाकला. काम चोख झालं असं वाटत होतं. दोन वर्षांनी पत्रा उचलला, तर पट्टीच्या रेषेत ओली पांढरी भुकटी साचली होती आणि भोकांभोवतीचा पत्रा नखाने तुटेल इतका पातळ झाला होता. पाऊस थांबून तीन दिवस झाले होते, तरी फेल्ट पिळल्यावर पाणी निघालं.

तेव्हापासून असे जोड करण्याआधी मी बराच विचार करतो. व्हॅन राहण्याजोगी करणारे, जुनी गाडी पुन्हा उभी करणारे, छतावर रॅक किंवा सौर पॅनेल बसवणारे लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं खाली एकत्र केली आहेत.

दोन वेगळे धातू एकत्र आले की नेमकं काय होतं?

बॅटरी तयार होते. १८०० साली व्होल्टाने जस्त आणि तांब्याच्या चकत्या एकावर एक रचल्या, मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा ठेवला आणि पहिली बॅटरी केली. माझी भिजलेली फेल्टची पट्टी म्हणजे तोच पुठ्ठा होता.

यासाठी तीन गोष्टी जुळाव्या लागतात. धातू वेगळे हवेत, ते कुठेतरी धातूनेच जोडलेले हवेत आणि दोघांनाही एकच ओलावा लागलेला हवा. मग एक धातू झिजून दुसऱ्याला राखतो. झिजणाऱ्याला ॲनोड म्हणतात, राखल्या जाणाऱ्याला कॅथोड. तिन्हींपैकी एक गोष्ट काढली की ही झीज थांबते. पुढचं सगळं त्यातली कोणती काढायची आणि कशी, याबद्दलच आहे.

साध्या गंजापेक्षा हे वेगळं आहे. लोखंड एकटं असलं तरी ओलाव्यात गंजतं. पण जोडातली झीज जोडाच्या कडेला एकवटते आणि आतून चालते, म्हणून ती दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

कोणता धातू आधी जाणार, हे कसं ओळखायचं?

गाडीच्या कामात येणारे धातू, आधी झिजणाऱ्यापासून सुरुवात करून, साधारण असे लागतात: मॅग्नेशियम, जस्त, ॲल्युमिनियम, साधं पोलाद आणि बीड, शिसं, कथील, पितळ, तांबं, स्टेनलेस, टायटॅनियम आणि शेवटी ग्रॅफाइट, म्हणजेच कार्बन फायबर. दोन धातूंमध्ये या रांगेत जितकं अंतर, तितकी ओढ जास्त.

समुद्राच्या पाण्यात मोजलं तर जस्त उणे १ व्होल्टच्या आसपास येतं, ॲल्युमिनियम उणे ०.७५ च्या जवळ, साधं पोलाद उणे ०.६ च्या जवळ, तांबं उणे ०.३५ च्या आसपास. मिश्रधातू आणि पाणी बदललं की आकडे थोडे सरकतात. ढोबळ नियम असा, की उघड्यावर, खारट किंवा सतत ओल्या जागी फरक ०.१५ व्होल्टच्या आत ठेवावा, साध्या जागी ०.२५ पर्यंत चालतो. चाकांजवळचा आणि गाडीखालचा भाग मी नेहमी पहिल्या वर्गात धरतो.

एक बारकावा मात्र लक्षात ठेवा. आकड्यांवरून स्टेनलेस तांब्यापेक्षाही ॲल्युमिनियमपासून लांब आहे, तरी प्रत्यक्षात ॲल्युमिनियमचा जास्त नाश तांबं करतं. स्टेनलेसच्या पृष्ठभागावरची क्रिया मंद चालते, तांब्यावर ती जोरात चालते. म्हणून ॲल्युमिनियमला स्टेनलेसचा बोल्ट सांभाळून लावता येतो, पण उघडं तांबं किंवा पितळ ॲल्युमिनियमला थेट लावू नका. तांब्याच्या नळीवरून ॲल्युमिनियमवर पाणी ठिबकत असेल तर तेही घातक. पाण्यासोबत तांब्याचा अंश येतो, ॲल्युमिनियमवर बसतो आणि तिथे खड्डे पाडतो. धातू एकमेकांना लागलेले नसतानाही हे होतं.

धातूंच्या आकारमानाने काही फरक पडतो का?

खूप पडतो, आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. झिजणारा धातू लहान आणि राखला जाणारा मोठा असेल, तर सगळी झीज त्या लहान तुकड्यावर येते आणि तो लवकर संपतो. उलट असेल तर तीच झीज मोठ्या पृष्ठभागावर पसरते.

याचं जुनं उदाहरण एका लढाऊ जहाजाचं आहे. ब्रिटिश नौदलाने १७६१ साली ‘अलार्म’ या जहाजाच्या लाकडी तळाला तांब्याचा पत्रा लोखंडी खिळ्यांनी ठोकला. दोन वर्षांनी तपासलं तेव्हा बरेच खिळे खाऊन गेले होते आणि पत्रे सुटू लागले होते. पण जिथे पत्र्यावर गुंडाळीचा तपकिरी कागद तसाच राहून गेला होता आणि तांबं व लोखंड यांच्यामध्ये आला होता, तिथले खिळे शाबूत होते. तांबं अवाढव्य, खिळा एवढासा, आणि फरक पडला तो कागदाच्या एका पापुद्र्याने.

गाडीत याचा अर्थ सरळ आहे. मोठ्या ॲल्युमिनियमच्या पत्र्याला थोडे स्टेनलेसचे बोल्ट, हे निभावतं. स्टेनलेसच्या मोठ्या पत्र्याला ॲल्युमिनियमचे रिव्हेट, हे कधीच करू नका. बोल्ट, रिव्हेट आणि स्क्रू हे ज्या भागाला धरून ठेवतात, त्याच्या तोडीचे किंवा रांगेत त्याच्यानंतर येणारे असावेत, आधी येणारे नसावेत.

मध्ये पट्टी किंवा प्लॅस्टिकचा वॉशर घातला की झालं ना?

नाही. माझंही इथेच चुकलं होतं. पट्टीने दोन पत्रे वेगळे केले, पण बोल्ट दोन्हींमधून आरपार गेला होता. डोकं एका धातूला टेकलेलं, नट दुसऱ्याला, आणि दांडा दोन्ही भोकांच्या कडांना घासत होता. म्हणजे पट्टी असूनही दोन्ही धातू जोडलेलेच होते.

जोड खऱ्या अर्थाने वेगळा करायचा तर बोल्टला तीन ठिकाणी झाकावं लागतं: डोक्याखाली, नटाखाली आणि दांड्यावर. पहिल्या दोन जागा बहुतेकांना सुचतात, दांडा विसरला जातो. त्यासाठी कॉलर असलेल्या नायलॉनच्या बुशी मिळतात. त्यांची नळी भोकात बसते आणि कॉलर वॉशरचं काम करते. ६ मिलिमीटरच्या बोल्टला बुशीच्या बाहेरच्या व्यासाइतकं भोक लागतं, म्हणून बुशी हातात आल्यावर मोजून मगच ड्रिल करा. बुश मिळाली नाही तर दांड्यावर गरम करून आकसणारी नळी चढवता येते, पण ती आट्यांवर घासून चिरते, म्हणून भोकाची कड आधी गोल करून घ्या.

नायलॉनच्या वॉशरवर नेहमी धातूचा रुंद वॉशर ठेवा. नाहीतर बोल्टचं डोकं प्लॅस्टिकमध्ये रुतत जातं आणि जोड सैल होतो.

शेवटी मल्टिमीटर लावा, वीज आरपार गेली की आवाज करणाऱ्या सेटिंगवर. सगळं कोरडं असताना एक टोक एका धातूवर, दुसरं दुसऱ्यावर, दोन्ही जागी रंग खरवडून. आवाज आला, तर कुठेतरी धातूला धातू लागलाय. प्रत्येक बोल्ट बसवल्यावर लगेच मोजा. बारा बसवून झाल्यावर मोजलं तर नेमका कोणता चुकला हे शोधण्यात संध्याकाळ जाते.

आणि हे कुठे करायचं नाही, तेही सांगतो. ज्या जोडावर जीव अवलंबून आहे तिथे मध्ये प्लॅस्टिक घालू नका. सस्पेन्शन, स्टिअरिंग, सीट, सीटबेल्ट, ओढण्याचा हुक अशा जागी जोड पकडीच्या ताकदीवर टिकतो, आणि प्लॅस्टिक दाबाखाली हळूहळू बसतं. तिथे धातूला धातू घट्ट बसू द्या आणि पाणी बाहेर ठेवायचं काम रंग, सीलंट आणि मुलामा दिलेल्या बोल्टांकडे सोपवा.

मध्ये घालायला कोणतं साहित्य चांगलं?

पाणी न पिणारं. फेल्ट, साधा स्पंज, चामडं, पुठ्ठा, कापड हे सगळं बाद. पाणी धरून ठेवणारी पट्टी ही पट्टी नसण्यापेक्षा वाईट, कारण उघडा जोड निदान वाळतो तरी.

नायलॉन, पॉलिथिनची जाड पट्टी, ब्युटाइलची चिकट टेप, पॉलियुरेथेन सीलंट, बंद पेशींचा फोम, हे सगळं चालतं. काळ्या रबराबाबत जरा जपून. काही रबरात कार्बन इतका असतो की त्यातून वीज जाते आणि तो कार्बन स्वतःच रांगेच्या शेवटच्या टोकाला बसतो. तुकडा हातात असेल तर मीटर लावून बघा.

सिलिकॉन सीलंट घेताना त्याचा वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर ते वाळताना ॲसेटिक आम्ल सोडतं आणि त्याने उघडा धातू गंजतो. न्यूट्रल क्युअर लिहिलेलं घ्या.

माझी पसंती पॉलियुरेथेन सीलंटला. ते वेगळंही करतं आणि फट भरून पाणीही आत येऊ देत नाही. फक्त बोल्ट पूर्ण आवळून सगळं सीलंट बाहेर दाबून टाकू नका. आधी हलकं आवळा, वाळू द्या, मग शेवटचा आवळ द्या. फटीत सारखी जाडी राहावी म्हणून कोपऱ्यांवर प्लॅस्टिकच्या १ मिलिमीटर जाडीच्या चकत्या ठेवता येतात.

सगळे बोल्ट स्टेनलेसचे लावले तर कटकटच मिटेल ना?

बोल्ट गंजणार नाही, पण बाजूचा धातू झिजेल. स्टेनलेस रांगेच्या मागच्या टोकाला आहे, म्हणजे त्याच्या शेजारी आलेलं ॲल्युमिनियम, जस्त आणि साधं पोलाद सगळंच त्याच्यासाठी झिजतं. ॲल्युमिनियमच्या आट्यांत स्टेनलेसचा बोल्ट कोरडा बसवला, तर पांढरा क्षार आट्यांमध्ये फुगतो आणि बोल्ट असा धरतो की काढताना तुटतो.

दुसरी गोष्ट ताकदीची. सहज मिळणारा ए२-७० दर्जाचा स्टेनलेस बोल्ट ७०० मेगापास्कलला तुटतो आणि ४५० ला कायमचा ताणला जातो. ८.८ दर्जाच्या पोलादी बोल्टचे हेच आकडे ८०० आणि ६४० आहेत. गाडी बनवणाऱ्याने ८.८ किंवा १०.९ दिला असेल तिथे दिसायला छान म्हणून स्टेनलेस लावणं धोक्याचं आहे.

मग बोल्ट कोणते घ्यायचे?

पोलादाला पोलादाचा, जस्ताच्या मुलाम्याचा. मुलाम्यातही फरक असतो. चकचकीत दिसणारा इलेक्ट्रोप्लेटिंगचा थर साधारण ५ ते १२ मायक्रॉनचा असतो आणि गाडीखाली फार टिकत नाही. वितळलेल्या जस्तात बुडवून दिलेला थर त्याच्या कितीतरी पट जाड, बहुधा ४५ मायक्रॉनच्या वर असतो. पण तो आट्यांवरही चढतो, म्हणून नट त्याच्या जोडीचाच लागतो. जस्ताच्या चुऱ्याचा राखाडी, मंद थर असलेले बोल्ट ॲल्युमिनियमच्या जोडासाठी मला सगळ्यात आवडतात. जस्त आणि ॲल्युमिनियम रांगेत शेजारी आहेत.

१०.९ आणि १२.९ दर्जाचे बोल्ट घरी आम्लात बुडवू नका, त्यांना घरगुती प्लेटिंगही करू नका. कडक पोलादात हायड्रोजन शिरतो आणि आवळलेला बोल्ट भाराखाली, कधी दुसऱ्या दिवशी, अचानक तडकतो.

जुन्या विमानांच्या किंवा लष्करी सामानातल्या सोनेरी झाकेच्या बोल्टवर कॅडमियम असू शकतं. ते विषारी आहे. घासू नका, तापवू नका.

आट्यांना काय लावायचं? तांब्याचं ग्रीस चालेल का?

ॲल्युमिनियममध्ये तांब्याचं ग्रीस मी लावत नाही. आपण ज्या धातूला लांब ठेवतोय त्याचाच चुरा आट्यांमध्ये कशाला भरायचा? जस्त असलेली पेस्ट किंवा धातू नसलेलं जलरोधक ग्रीस घ्या. आट्यांमधल्या सगळ्या पोकळ्या भरल्या पाहिजेत, म्हणजे पाण्याला जागाच उरत नाही.

ग्रीस लावलेला बोल्ट त्याच टॉर्कला, म्हणजे आवळण्याच्या तेवढ्याच जोराला, जास्त ताणला जातो. कोरड्या आट्यांसाठी दिलेला आकडा तसाच वापरला तर आटे उपटून येतात, विशेषतः ॲल्युमिनियममध्ये. पेस्टच्या डब्यावर किती कमी करायचं ते दिलेलं असतं, ते वाचा. चाकांच्या नटांना मात्र गाडीच्या पुस्तकात सांगितलं नसेल तर काहीही लावू नका.

रंग नेमका कोणत्या धातूला द्यायचा?

दोन्हींना. एकालाच देता येत असेल तर राखल्या जाणाऱ्याला द्या, झिजणाऱ्याला नव्हे. ऐकायला उलटं वाटतं, पण आकारमानाचा नियम आठवा. फक्त ॲल्युमिनियमला रंग दिला आणि त्यावर एक ओरखडा पडला, तर बाजूचं अख्खं उघडं पोलाद त्या केसाएवढ्या रेषेतून झीज ओढतं आणि आरपार भोक पडतं. पोलादाला रंग दिला आणि त्यावर ओरखडा पडला, तर ओढणारा पृष्ठभागच चिमूटभर उरतो.

प्रायमर दोन घटकांचा एपॉक्सी असावा. ॲल्युमिनियम घासल्यावर त्यावर लगेच नवा ऑक्साइडचा थर येऊ लागतो, म्हणून घासणं, पुसणं आणि प्रायमर एकाच बैठकीत उरका. भोकं पाडून झाल्यावर भोकांच्या आतल्या कडांनाही लहान ब्रशने प्रायमर लावा. पत्रा आधी रंगवून मग ड्रिल केला, तर नेमकी बोल्ट लागणारी जागाच उघडी राहते.

पॉप रिव्हेट चालतील का?

ॲल्युमिनियमच्या पत्र्याला ॲल्युमिनियमचे चालतील, पण त्यांच्या आत तुटून राहणारी खिळी कशाची आहे ते बघा. बाहेरून ॲल्युमिनियम आणि आत साधी पोलादी खिळी, असे रिव्हेट सर्रास मिळतात. काही महिन्यांनी प्रत्येक रिव्हेटमधून तांबडी रेघ ओघळू लागते. खिळीही ॲल्युमिनियमचीच असलेले किंवा तोंड बंद असलेले रिव्हेट घ्या आणि बसवताना प्रत्येक रिव्हेट सीलंटमध्ये बुडवून ओलाच ठोका.

१९४८ पासूनच्या जुन्या लँड रोव्हर गाड्या बघितल्या की हे सगळं एका जागी दिसतं. वर ॲल्युमिनियमचं अंग, खाली पोलादी चौकट, पुढची फायरवॉलही पोलादी. पत्र्याचा मधला भाग दशकानुदशकं टिकतो आणि पोलादाला जिथे तो स्क्रूने धरलेला असतो तिथेच पांढरी फुगवटी येते.

सगळं वेगळं केलं, मग अर्थिंगचं काय?

खरा अवघड प्रश्न हाच आहे. गाडीत परतीचा प्रवाह धातूच्या अंगातून जातो. पत्रा पूर्ण वेगळा केला तर त्यावर बसवलेला दिवा लागणार नाही किंवा वाट शोधत प्रवाह भलत्याच ठिकाणाहून, एखाद्या केबलच्या आवरणातून, जाईल. आणि अर्थिंगची पट्टी लावली की दोन्ही धातू पुन्हा विजेने जोडले गेले.

मी असं करतो. अशा पत्र्यावरच्या प्रत्येक उपकरणाला थेट बॅटरीच्या ऋण बाजूपर्यंत स्वतंत्र वायर देतो. मग पत्र्यातून प्रवाह जायची गरजच राहत नाही. पट्टी लागणारच असेल तर एकच लावतो, वर, जिथे पाणी उडत नाही अशा जागी, आणि तांब्याची असेल तर कथिलाचा मुलामा दिलेली. पट्टी लावल्यावर तीनपैकी दुसरी अट आपल्या हातून गेली, हे मान्य करून तिसऱ्या अटीवर, म्हणजे ओलाव्यावर, सगळं लक्ष द्यायचं. जोडाची फट सीलंटने भरलेली आणि दोन्ही बाजू रंगलेल्या असतील, तर पाण्याचा पूल तयार होत नाही.

अर्थिंगचा पॉइंट करताना रंग टर्मिनलच्या आकाराएवढाच खरवडा, टर्मिनल आवळा आणि मग वरून पूर्ण जोडावर ग्रीस किंवा मेणाचा फवारा द्या. आधी आवळायचं, मग झाकायचं.

इंधनाची टाकी आणि तिचं तोंड कधीही वेगळं करू नका. तिथे स्थिर विजेला उतरायला वाट असावीच लागते.

कूलंटमध्येही हे होतं का?

हो. बीडाचा ब्लॉक, ॲल्युमिनियमचं हेड आणि रेडिएटर, कुठे तांब्या-पितळेचा हीटर, आणि सगळ्यांना लागलेलं एकच गरम पाणी. तिथे धातू वेगळे करता येत नाहीत, म्हणून काम कूलंटमधली गंजरोधक द्रव्यं करतात आणि ती कालांतराने संपतात. रंग छान दिसतो म्हणून कूलंट चांगलं आहे असं नाही. पुस्तकात दिलेल्या मुदतीत बदला, नळाचं पाणी न घालता डिस्टिल्ड घाला, दोन जातींचं कूलंट एकत्र करू नका.

रेडिएटर पुन्हा पुन्हा गळत असेल तर मीटरचं एक टोक बॅटरीच्या ऋण बाजूला आणि दुसरं कूलंटमध्ये बुडवा, धातूला न लावता. हे इंजिन थंड असताना झाकण उघडून करायचं. आकडा ०.१ व्होल्टच्या आसपास किंवा खाली हवा. पंखा किंवा दिवे लावल्यावर तो उडी मारत असेल, तर एखाद्या उपकरणाचं अर्थिंग खराब आहे आणि त्याचा प्रवाह कूलंटमधून परत जातोय.

जहाजांसारखा जस्ताचा ठोकळा गाडीला लावला तर?

उपयोग होणार नाही. ठोकळा राखतो तो पाण्यातून, आणि जहाज सतत पाण्यात असतं. गाडीवर पाण्याचा पातळ, तुटक थर असतो. ठोकळ्यापासून थोड्या अंतरावर त्याचं संरक्षण संपतं. गंज थांबवणाऱ्या विजेच्या लहान डब्यांनाही हीच अडचण आहे. जस्ताचा मुलामा मात्र काम करतो, कारण तो जिथे हवा तिथेच चिकटलेला असतो.

कार्बन फायबर आणि मॅग्नेशियमचं काय?

कार्बन फायबर धातू नाही, पण या रांगेत सगळ्यात मागे बसतं. ॲल्युमिनियमला थेट लावलं तर ॲल्युमिनियम खाऊन टाकतं. मध्ये काचेच्या धाग्यांचा एक थर राळेत बसवून घ्या आणि कापलेल्या कडाही राळेने बंद करा. टायटॅनियमचे बोल्ट कार्बनला चांगले.

मॅग्नेशियमच्या गिअरबॉक्सला पोलादी बोल्ट लावताना मध्ये ॲल्युमिनियमचा रुंद वॉशर घालतात. दोघांच्या मधल्या पायरीसारखा तो काम करतो.

घासताना आणि कापताना काय सांभाळायचं?

ॲल्युमिनियम आणि स्टेनलेससाठी वेगळे ब्रश, वेगळ्या डिस्क. साध्या पोलादाच्या ब्रशने घासलं की लोखंडाचे कण पृष्ठभागात रुततात आणि प्रत्येक कणापाशी एक छोटा जोड तयार होतो. ड्रिलचे तांबडे होत जाणारे बारीक छिलके छतावर राहिले तर पहिल्याच ओलीत डाग पडतात. काम संपल्यावर झाडू नका, व्हॅक्यूमने ओढून घ्या.

ॲल्युमिनियमची भुकटी आणि लोखंडाचा गंज एकत्र साचू देऊ नका. ठिणगी पडली तर हे मिश्रण प्रचंड उष्णतेने पेटतं. जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्यावर वेल्डिंग करायचं तर आधी मुलामा काढा आणि हवा खेळती ठेवा. जस्ताच्या धुराने थंडी वाजून ताप येतो.

मिठाचा इतका बाऊ का करतात?

मीठ पाण्याला विजेचा चांगला वाहक करतं, आणि ॲल्युमिनियम व स्टेनलेसवरचा संरक्षक पापुद्राही फोडतं. शिवाय ते कोरडं राहत नाही. साधं मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या पुढे गेली की स्वतःच पाणी ओढून ओलं होतं. बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकतात त्या कॅल्शियम आणि मॅग्नेशियम क्लोराइडला तर तिशीच्या आसपासची आर्द्रताही पुरते. म्हणजे पाऊस नसतानाही जोड ओला असतो. अशा रस्त्यांवरून किंवा समुद्रकाठाहून आल्यावर गाडीखालून गोड्या पाण्याने धुवा. जास्त दाबाचा फवारा मात्र जोडांच्या फटीत मारू नका, त्याने मीठ आत ढकललं जातं.

झीज सुरू झालीय हे कसं ओळखायचं आणि मग काय करायचं?

बोल्टांच्या ओळीत रंगाला फुगे, त्याखाली पांढरी भुकटी, रिव्हेटभोवती काळपट कडी, न सैल करता सैल झालेला बोल्ट. यातलं काही दिसलं की जोड उघडा. बाहेरून सीलंट फासून आतलं पाणी कोंडू नका, त्याने वेग वाढतो.

उघडल्यावर सगळा क्षार उजळ धातू दिसेपर्यंत काढा, खड्ड्यांच्या तळातलाही. गोड्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा, मग प्रायमर. खड्ड्यांची खोली पत्र्याच्या जाडीच्या चौथ्या हिश्शाहून जास्त असेल तर मी तेवढा तुकडा कापून नवा लावतो.

जाम झालेला बोल्ट ताकदीने काढू नका. आत शिरणारं तेल लावून एक दिवस थांबा, ते पुसून टाका, मग बोल्टाला नव्हे तर भोवतालच्या ॲल्युमिनियमला गरम हवा द्या. तापवल्यावर ॲल्युमिनियम साध्या पोलादाच्या जवळजवळ दुप्पट आणि स्टेनलेसच्या सुमारे दीडपट प्रसरण पावतं, त्यामुळे भोक मोठं होतं. मग थोडं सोडवायचं, थोडं परत आवळायचं, असं पुढेमागे करत बाहेर काढा.

वापरण्याआधी जोडी तपासून बघता येईल का?

येते. लिटरभर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ घाला. तुमच्याच पत्र्याचे दोन तुकडे घ्या. एकाला तुमचाच बोल्ट नुसता आवळा, दुसऱ्याला तुमच्या सगळ्या बुशी, वॉशर आणि सीलंटसह. दोन्ही वेगवेगळ्या भांड्यांत अर्धे बुडवून आठवडाभर ठेवा आणि रोज थोडा वेळ बाहेर काढून वाळवा. गाडीवरची वर्षं यातून मोजता येत नाहीत. पण बोल्ट काढून दोन भोकांच्या कडा शेजारी ठेवल्या की काम कुठे कच्चं राहिलं ते दिसतं.

त्या ट्रेलरचं पुढे काय झालं?

फेल्ट काढून टाकलं. चौकट उजळ धातूपर्यंत घासून तिला एपॉक्सी प्रायमरचे दोन हात आणि वर रंग दिला. नव्या पत्र्याच्या खालच्या बाजूला आणि भोकांच्या कडांना प्रायमर दिला. मध्ये पॉलियुरेथेन सीलंट, बोल्ट जस्ताच्या थराचे, प्रत्येकाला कॉलरची बुश आणि वर रुंद वॉशर. पाणी साचायचं त्या मागच्या दोन कोपऱ्यांत चौकटीला १० मिलिमीटरची भोकं पाडली. दिव्यांना स्वतंत्र वायर ओढली. वर्षातून एकदा बोल्टांवर मीटर फिरवतो. मागच्या वेळी डाव्या बाजूच्या तिसऱ्या बोल्टवर आवाज आला. काढून पाहिलं तर बुशीची नळी लांबीत चिरली होती आणि भोकाच्या कडेला एक बारीक टोक राहून गेलं होतं. ते कानशीने घासलं, प्रायमर लावला आणि नवी बुश घातली.